मावशीला कळेल असं यंत्र

मी हट्टी आहे, याबद्दल आमच्या घरात दोन मतं नाहीत. बहुतेक वेळा माझं बरोबर निघतं, त्यामुळे हट्ट सोडण्याचं कारण मला फारसं कधी मिळालं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण ज्या कामाबद्दल मी सांगणार आहे, त्यात माझं अर्धंच बरोबर होतं, आणि उरलेलं अर्धं ज्याचं होतं त्याच्याशी मी रोज भांडत होते.

आम्ही दोघं मिळून हिंदीचं मराठी करणारं यंत्र तयार करत होतो. यंत्र म्हणजे संगणकावरचा प्रोग्राम. पण आमच्या ऑफिसच्या खाली औषधांचं दुकान होतं, त्याच्या मालकाला यंत्र म्हटल्यावर पिठाच्या गिरणीसारखं काहीतरी डोळ्यांपुढे येत असावं. "मैडम, आपकी मशीन की आवाज़ नहीं आती," असं तो मला जिन्यात अडवून म्हणायचा. उज्जैनच्या फ्रीगंज भागातल्या त्या दोन खोल्यांत आवाज यायचा तो आमच्या भांडणाचाच. हातातल्या फोनला सांगितलं की तो वाटेल त्या भाषेत भाषांतर करून देतो, त्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. तेव्हा हे काम दोन रीतींनी केलं जायचं, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांना वेड्यात काढायची.

पहिली रीत नियमांची. यंत्राला व्याकरण शिकवायचं, शब्दकोश द्यायचा, आणि हिंदीत असं आलं तर मराठीत तसं कर, हे एकेक करून सांगत बसायचं. ही माझी रीत. मी संस्कृत घेऊन एम. ए. झाले आणि मग कॉम्प्युटरकडे वळले, तेव्हा दोन्हीकडच्या प्राध्यापकांना मी त्यांच्याकडची वाटले नाही. पण नियम लिहायला असंच माणूस लागतं.

दुसरी रीत आकडेवारीची. माणसांनी केलेली खूप भाषांतरं घ्यायची, हिंदी वाक्य एका बाजूला आणि त्याचं मराठी दुसऱ्या बाजूला, आणि यंत्राला मोजायला बसवायचं. कुठल्या तुकड्याचा कुठला तुकडा होतो, किती वेळा होतो, कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येतो, सगळं मोजायचं. मग नवं वाक्य आलं की ज्याची शक्यता सगळ्यात जास्त, ते पुढे करायचं. व्याकरण कशाशी खातात हे त्या यंत्राला ठाऊकही नसतं.

हे मोजण्याचं काम करणारा माझा सहकारी माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान होता. राहायला उज्जैनच्याच भैरवगढला. घरी पिढीजात कापडावरच्या छपाईचं काम, वडील आणि काका अजूनही लाकडी ठप्पे मारत होते, आणि हा इंजिनियर होऊन माझ्यासमोर येऊन बसला होता. गणितात त्याचा हात धरणारं उज्जैनमध्ये तरी मला कुणी भेटलं नाही. गंमत एवढीच, की त्याला मराठी येत नव्हतं. शाळेतल्या मित्रांच्या घरी ऐकलेलं "या, बसा, जेवलास का" इथपर्यंत त्याची मजल.

पहिल्या दिवशीच मी त्याला विचारलं, "मराठी आती नहीं, और मराठी की मशीन बनाओगे?"

तो शांतपणे म्हणाला, "दीदी, साड़ी छापने वाले को साड़ी पहननी थोड़े ही पड़ती है।"

उत्तर मला आवडलं. ते मी त्याला सांगितलं नाही. त्याच्या रीतीला मी 'अंदाजपंचे' म्हणायला लागले. त्याने अर्थ विचारला, मी सांगितला, तर त्याने आपल्या टेबलावर तोच शब्द कागदावर लिहून चिकटवला. मला तो 'पंचांग' म्हणायचा. आमच्या उज्जैनमध्ये सगळं आधीच ठरवून ठेवणाऱ्यांची कमी नाही, त्यामुळे टोमणा मला बरोबर लागला.

खरं सांगायचं तर एकट्याने दोघांचंही चालत नव्हतं. माझं यंत्र बरोबर बोलायचं, पण असं बोलायचं की तसं कुणी बोलत नाही. शिवाय नियमात न बसणारं वाक्य समोर आलं की ते मुकं व्हायचं. त्याचं यंत्र कधी मुकं व्हायचं नाही. ते घडाघडा बोलायचं आणि मधेच तितक्याच सफाईने खोटं बोलायचं. एकदा डॉक्टरांचं लांबलचक वाक्य होतं, आंघोळ करताना डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये असं. त्याच्या यंत्राने त्यातला नकार गाळून डोळ्यात पाणी जाऊ द्यावे असा सल्ला दिला, आणि तोही अगदी गोड मराठीत.

"कभी-कभार हो जाता है, दीदी," तो म्हणाला.

"वो कभी-कभार किसकी आँख में जाएगा, ये बता," मी म्हटलं.

त्या दिवशी आमचा तह झाला. जे चुकून चालणारच नाही, म्हणजे नकार, आकडे, आधी काय आणि नंतर काय, ते माझ्या नियमांनी आधी पकडून कुलपात ठेवायचं. बाकीचं वाक्य त्याच्या यंत्राने करायचं. आणि शेवटी माझ्या नियमांनी परत येऊन पाहायचं, की कुलपातलं सगळं जागेवर आलं की नाही. मिठाचं माप माझं आणि फोडणी त्याची. दोघांना वाटलं की आपण जिंकलो, म्हणून हा तह टिकला.

काम आलं होतं डोळ्यांच्या एका हॉस्पिटलकडून. दर्शनाला येणाऱ्या महाराष्ट्रातल्या माणसांतले बरेच जण तिथे डोळे दाखवून जात, काही जण मोतीबिंदू काढून घेऊनच परत जात. तिथल्या डॉक्टरबाई हिंदीभाषक होत्या आणि कामाला वाघ. ऑपरेशननंतर काय करायचं, काय नाही, हे त्या प्रत्येक पेशंटसाठी वेगळं लिहीत, आणि लिहीत अर्थातच हिंदीत. माणसं तो कागद घेऊन आपल्या गावी जात आणि मग त्यांचं काय होई ते बाईंना कळत नसे. "मुझे ऐसा कागज़ चाहिए कि मरीज़ को किसी से पूछना न पड़े," असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. याहून स्पष्ट मागणी मी पुन्हा कुठल्या गिऱ्हाइकाकडून ऐकली नाही.

मोजायला लागणारी भाषांतरं आम्ही इथेच जमवली. इथल्या मराठी मंडळाची दोन्ही भाषांतली पत्रकं होती, गणेशोत्सवाचे अहवाल होते. हॉस्पिटलचे जुने कागद आम्ही ओळखीच्या मराठी घरांतून मराठी करून घेतले. यंत्राने केलेली वाक्यं तपासायला मंडळातले तीन निवृत्त गृहस्थ यायचे, एक बँकेतले, एक रेल्वेतले, एक शाळेतले. चहा यायचा, चष्मे लागायचे, आणि वाक्यामागून वाक्य पास व्हायचं. "काही दिक्कत नाही. एकदम बढिया," असं बँकेतले काका म्हणायचे आणि खूण करायचे. रेल्वेतल्या काकांनी तर एकदा सांगितलं, "हे तर माझ्यापेक्षा चांगलं लिहून राहिलंय."

आता आमच्या मराठीबद्दल सांगायला हवं. माझे वडील बँकेच्या बदलीने इथे आले आणि राहिले. काही घरं त्याच्या कितीतरी आधी, दरबारी चाकरीच्या निमित्ताने आली. कुणीही असो, आमच्या घरी हळदीकुंकू चुकत नाही, गणपतीत आरत्या पाठ म्हणतो, आणि शेजारच्याने मराठीला नावं ठेवली तर भांडायला उठतो. पण बोलतो ते असं, की पाहुणे 'येऊन राहिलेत', भाजी 'बनली' आणि उशीर झाला तर 'जल्दी कर'. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण वाक्य ऐकताना मधे हिंदी लागलं तरी मनाची गाडी अडखळत नाही. लहानपणापासूनची सवय आहे. मला या मराठीची लाज कधी वाटली नाही, आजही नाही.

तर तिन्ही काकांनी कौल दिला, आणि त्याच आठवड्यात एका दुपारी माझ्या सहकाऱ्याने यंत्रातून निघालेला ताजा कागद उचलला, पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला आणि त्याचा अर्थही बिनचूक सांगितला. त्याचा चेहरा खुलला होता.

"दीदी, अब तो मुझे मराठी समझ में आने लगी है।"

मला इतका आनंद झाला की मी खालून कचोऱ्या मागवल्या. दोन वर्षं मराठीच्या संगतीत राहून पोराला मराठी आलं, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. त्या क्षणी आमच्या कामात काय बिघडलं आहे, ते त्याने मला स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. ते ना त्याला कळलं, ना मला.

श्रावणात मावशी आली. माझ्या आईची धाकटी बहीण, गुहागरजवळच्या एका गावात राहणारी. तिचे यजमान गेल्यापासून घरात एकटीच. एकटी म्हणजे बिचारी नव्हे. तिचं घर, तिची आंब्याची चार झाडं, तिच्या पायरीवर बसून तक्रारी सांगणाऱ्या शेजारणी, असा तिचा मोठा कारभार होता. डावा डोळा फार पूर्वी काचबिंदूने गेलेला. उरलेल्या एका डोळ्यावर ती वर्तमानपत्र वाचायची, तांदूळ निवडायची आणि लोकांचे दोष पाहायची.

आल्याच्या दुसऱ्या सकाळी तिने चहा कपाच्या बाहेर ओतला. ओतला आणि जणू काही झालंच नाही असं फडकं घेऊन पुसला. मी तिला तशीच डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. मोतीबिंदू बराच वाढला होता. ऑपरेशन करायलाच हवं आणि डोळा एकच असल्यामुळे नंतर फार जपायला हवं, असं बाई म्हणाल्या. श्रावणी सोमवारी देवाची पालखी निघते, त्या सवारीमुळे गावातले रस्ते बंद असणार होते, म्हणून तारीख त्याच्या पुढची मिळाली.

पुण्याला तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ. त्याचा फोन आला. त्याचं म्हणणं सरळ होतं: ऑपरेशननंतर आईने पुण्याला यावं, गावचं घर बंद करावं. एक डोळा, वय झालेलं, औषधं कोण घालणार? मावशी फोनवर म्हणाली, "माझी मी घालीन. कागद वाचता येतो ना मला." बरीच घासाघीस होऊन ठरलं, की ऑपरेशननंतरचं सगळं तिला स्वतःच वाचून स्वतःच करता आलं, तर ती गावी जाईल. नाहीतर पुणे. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "अगो, पुण्यात त्याच्याकडे सातवा मजला आहे. तिथे मी खिडकीशी बसून काय मोजू?"

मला काळजी नव्हती. मराठीत कागद द्यायचं यंत्र तर मीच केलं होतं. बाईंनी मावशीसाठी लिहिलेल्या सूचना मी ऑफिसमध्ये यंत्रातून काढल्या, मोठ्या अक्षरात छापल्या आणि मोठ्या दिमाखात तिच्या हातात ठेवल्या. तिने भिंग घेतलं आणि खिडकीशी बसली. बराच वेळ बसली. मग कागदाची घडी घालून उशाखाली ठेवला. मी विचारलं, "वाचलंस?" ती म्हणाली, "वाचलं."

दिवसभरात तिने मला एकदाही टोकलं नाही. जेवणात लोणचं वाढलं तर त्यालाही नाव ठेवलं नाही. तेव्हाच मला काहीतरी चुकल्याचं जाणवायला हवं होतं. दिवेलागणीला ती म्हणाली, "पुण्याला फोन लाव. त्याला सांग, मी येते म्हणून."

मी हातातलं टाकून तिच्याजवळ गेले. काय झालं म्हणून विचारलं.

"वाचता येत नाही मला आता," ती म्हणाली. "अक्षरं दिसतात. भिंगातून सगळी दिसतात. अर्थच लागत नाही. डोळ्याचं नव्हे ते. डोक्याचं काहीतरी झालंय माझ्या."

मावशीला घाबरलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.  कागद उशाखालून काढला आणि मी तिला मोठ्याने वाचून दाखवायला लागले. "दवाई टाकण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. दोन्ही दवाईंच्या दरम्यान पाच मिनिटांचा अंतराल ठेवावा. आंबट पदार्थांचा परहेज करावा. डोळ्यात जलन किंवा चुभन झाल्यास तुरंत संपर्क करावा."

"थांब," मावशी म्हणाली. "परहेज म्हणजे?"

"पथ्य."

"आणि ते चुभन?"

"टोचल्यासारखं वाटणं."

"आणि अंतराल ठेवायचा म्हणजे कुठे ठेवायचा?"

 तिला हिंदी सिनेमा कळायचा, पण दवाखान्याची हिंदी तिच्या वाटेला कधी आली नव्हती. आणि मी तो कागद ऑफिसमध्ये वाचला होता, तीन काकांनी तशी शेकडो वाक्यं वाचली होती, एकालाही काही खटकलं नव्हतं. आम्ही मराठी वाचतच नव्हतो. आम्ही मराठीतून हिंदी वाचत होतो आणि सगळं समजलं म्हणून खूश होत होतो. जिथे जन्मापासून दोन्ही भाषा कानावर पडतात, तिथेच ही चूक होऊ शकते. पुण्याच्या कुठल्याही माणसाने पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं असतं.

मी कपाटातून एक जुना दिवाळी अंक काढला, मधलं पान उघडलं आणि मावशीपुढे धरलं. तिने भिंग लावलं. पानावर अनारशांची कृती होती. तिने ती खणखणीत वाचली आणि म्हणाली, "खसखस कधी लावायची ते लिहिलंच नाही. अडाणी बाई."

"मावशी," मी म्हटलं, "तुझं डोकं जागेवर आहे. आमचं यंत्र चळलंय."

तिचा विश्वास बसायला थोडा वेळ लागला. बसला तेव्हा तिने डोळे पुसले आणि मग मला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. एवढंच सांगते, की माझं शिक्षण, माझ्या वडिलांची बदली आणि सबंध माळवा त्यात येऊन गेला. मला ते ऐकताना बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊनच फ्रीगंजला गेले. जिना ती चढली ती कठड्याला धरून, पण ऑफिसात शिरली ती तपासणीला आल्यासारखी. सहकाऱ्याने तिला आपली खुर्ची दिली. काय झालं ते मी सांगितल्यावर तो म्हणाला, "दीदी, इसीलिए तो मुझे समझ में आ रही थी।"

 कचोऱ्यांचा दिवस मला आठवला. मराठी न येणाऱ्या माणसाला जे मराठी समजतं, ते मराठी कसलं?

मग नेहमीसारखं भांडण झालं. मी म्हटलं, असले सगळे शब्द पकडून माझ्या शब्दकोशातले घालते, नियमच करते. तो म्हणाला, असे किती पकडाल, उद्या नवे येतील. मी माझंच खरं केलं आणि नियम घातले. परहेजचं पथ्य झालं, चुभन गेलं, मी खूश. मावशीपुढे नवा कागद ठेवला तर ती म्हणाली, "शस्त्रक्रिया, नेत्रबिंदू, प्रक्षालन. हे कुणाचं लग्न लावताय?"

"मग काय म्हणायचं?"

"ऑपरेशन म्हणावं. थेंब म्हणावं. आणि हात धुवावे, आणखी काय."

माझ्या शब्दकोशात पथ्य होतं तसंच प्रक्षालनही होतं, आणि माणसं कोणता शब्द बोलतात आणि कोणता नुसता छापतात, हे माझे नियम सांगू शकत नव्हते. त्याची आकडेवारी सांगू शकत होती, पण ती उज्जैनच्या आम्हा लोकांचं मराठी मोजून बसली होती. ती शिकली ते अगदी प्रामाणिकपणे शिकली होती. गुरूच तसे भेटले, त्याला ती काय करणार?

तोडगा त्याने काढला, हे मी मान्य करते. महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांतले आरोग्यावरचे ढीगभर लेख आमच्याकडे पडून होते. त्यांना हिंदी जोड नव्हती म्हणून आम्ही ते बाजूला टाकले होते. तो म्हणाला, जोड कशाला हवी? आपले शब्द दीदींचा शब्दकोश सुचवेल. परहेज आलं की पथ्यही पुढे येईल, दवाईच्या शेजारी औषध येईल, शस्त्रक्रियेच्या शेजारी ऑपरेशन येईल. त्यातलं कोणतं घ्यायचं ते हे लेख मोजून ठरवू. आणि नकार, आकडे, आधी-नंतर यांना त्याने हात लावला नाही. ती कुलपं माझी माझ्याकडेच राहिली. नियमांनी शब्द पुरवायचे, अंदाजाने निवडायचे, आणि पुन्हा नियमांनी राखण करायची. इतकी सरळ गोष्ट होती, आणि भांडणात वेळ गेल्यामुळे आम्हाला ती सुचली नव्हती.

तपासायची रीत मात्र मी बदलली, आणि ती माझी कल्पना. तिन्ही काकांना मी नमस्कार केला आणि गणपतीनंतर या असं सांगितलं. मावशीला म्हटलं, "चांगलं आहे का वाईट, ते सांगू नकोस. कागद वाच आणि त्यात आहे ते करून दाखव." खालच्या दुकानदाराने थेंबांच्या दोन रिकाम्या बाटल्या दिल्या, त्यांत आम्ही पाणी भरलं. मावशी वाचायची आणि करायची. एखाद्या ठिकाणी ती थांबली की आम्ही तिला काही सांगायचं नाही, यंत्राकडे जायचं. थांबली म्हणजे वाक्य चुकलं. इतकी सोपी परीक्षा, आणि तिच्यापुढे सफाईदार वाक्यांची काही मात्रा चालत नव्हती.

पहिले दोन दिवस ती सारखी थांबत होती. मग कमी थांबायला लागली. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी तिने नवा कागद घेतला, हात धुवून आली, पहिल्या बाटलीतला थेंब बाहुलीच्या डोळ्यात घालावा तसा हवेतच घातला, डोळा मिटला आणि ओठ हलवत बसली. आम्हाला वाटलं अडली. पण ती तिचं रोजचं स्तोत्र म्हणत होती. ते संपलं तेव्हा तिने दुसरी बाटली उचलली. "पाच मिनिटं थांबून दुसरं औषध घाला म्हणून लिहिलंय," ती म्हणाली. "माझं स्तोत्र तेवढंच आहे. घड्याळ कोण बघणार एका डोळ्याने?" शेवटची ओळ झाल्यावर तिने कागद टेबलावर ठेवला आणि चहा मागितला.

सहकाऱ्याने तो कागद उचलला. एकदा वाचला, परत वाचला, उलटा धरून पाहिला. त्याचं तोंड पडलं.

"दीदी, अब मुझे कुछ समझ में नहीं आ रहा।"

मी इतकी हसले की खालचा दुकानदार वर पाहायला आला. मावशीला मी त्याचं म्हणणं सांगितलं. तिने त्या पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "शाब्बास." तेवढं मात्र त्याला कळलं.

ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी काढली त्या दिवशी मावशी सगळ्यात आधी मला म्हणाली की मी फार सुकले आहे आणि भिंतीला रंग द्यायला झाला आहे. बाईंनी लिहिलेल्या सूचना यंत्रातून निघून तिच्या हातात आल्या. मी मुद्दाम खोलीबाहेर थांबले. आठवडाभर ती आमच्याकडे राहिली, मावसभाऊ पुण्याहून येऊन दोन दिवस बघून गेला, आणि आईच्या हातचा एकही थेंब चुकत नाही म्हटल्यावर त्याला बोलायला जागा उरली नाही. तोच तिला सोबत घेऊन गावी सोडून आला. स्टेशनवर गाडी सुटताना तिने पिशवीतला कागद मला खिडकीतून दाखवला. मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

हॉस्पिटलने ते यंत्र पुढे बरीच वर्षं वापरलं. आता नवी यंत्रं आली आहेत, ती आमच्यापेक्षा कितीतरी सराईत बोलतात. कुणी मला त्यांचं मराठी दाखवायला आणलं की मी विचारते, हे हिंदी न येणाऱ्याकडून करवून पाहिलंत का? बहुतेक जण विषय बदलतात.

त्या वर्षी मावशी गावी परतली त्याला महिनाही झाला नसेल, तोच तिचा फोन आला. मागे कावळे ओरडत होते, म्हणजे ती पायरीवर बसली असणार.

"अगो, दुसरी बाटली संपली आज."

"मग कागदात बघ ना मावशी, शेवटी लिहिलंय त्याचं."

"बघितलं. संपली की बंद करा, नवी आणू नका, असं आहे. केली बंद."

"मग विचारायचं काय आहे?"

"विचारायला नाही केला मी फोन," मावशी म्हणाली. "सांगायला केला."